खंडाळ्याचा घाट, वेफर्सचं पाकीट आणि मान्सून

मुंबईहून पुण्याला ट्रेनने जाताना कर्जत सोडलं की मी मोबाईलमधलं बॅरोमीटरचं अ‍ॅप उघडून बसतो, बऱ्याच फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो आणि लोकांना त्याचा पत्ताच नसतो. गेल्या जूनमध्ये कर्जतला 997 मिलिबार दिसत होते, लोणावळा आलं तोवर आकडा 937 वर. पोरीच्या हातातलं वेफर्सचं पाकीट टम्म फुगलेलं, कानात दडे. पाकिटातली हवा कर्जतच्या दाबाची आणि बाहेरची लोणावळ्याची, म्हणून ते फुगलं, बाकी काही नाही.

आता गंमत बघा. हा 60 मिलिबारचा फरक तासाभरात पार केला आणि काहीच झालं नाही. आणि 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा त्याच्या मधोमध दाब आजूबाजूपेक्षा वीसेक मिलिबारनेच कमी होता, तरी श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले. असं का? घाटातला फरक उभा आहे, वर जाल तसा डोक्यावरच्या हवेचा थर कमी होतो म्हणून दाब उतरतो, आणि गुरुत्वाकर्षण त्या हवेला खाली धरून ठेवतं, त्यामुळे ती उसळून वर जात नाही. आडव्या फरकाला असं धरून ठेवणारं कोणी नाही. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे हवा निघते, आणि फरक जितक्या थोड्या अंतरात तितका वारा जोराचा. म्हणूनच हवामान खातं प्रत्येक ठिकाणचा दाब आधी समुद्रसपाटीला आणून, म्हणजे ते ठिकाण समुद्रसपाटीला असतं तर किती भरला असता ते काढून, मग तुलना करतं, नाहीतर महाबळेश्वर कायमच कमी दाबाचं क्षेत्र दिसलं असतं!

आपला मान्सून हा याच आडव्या फरकाचा खेळ आहे. मे-जूनमध्ये राजस्थान आणि पाकिस्तानची जमीन भाजून निघते, हवा तापून वर जाते आणि तिथला दाब 995 च्या आसपास येतो. तिकडे दक्षिण हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला मस्करीन बेटांच्या दक्षिणेकडे, तेव्हा हिवाळा असतो आणि दाब 1020 च्या वर. साधारण सहा हजार किलोमीटरवर 30 मिलिबारच्या आतबाहेर फरक, म्हणजे उतार अगदी सौम्य, पण तो चार महिने टिकतो हे महत्त्वाचं. वारा तिथून निघतो, विषुववृत्त ओलांडतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात आला की उजवीकडे वळतो, सोमालियाचा किनारा घासत अरबी समुद्रावरून थेट आपल्याकडे. हेच नैर्ऋत्य मोसमी वारे. वाटेत बाष्प भरून घेतात, सह्याद्रीला धडकून वर चढतात, गार होतात आणि सगळं ओततात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि घाट उतरून वाईला आलात तर हजारही नाही.

बातम्यांमध्ये ‘गुजरात ते केरळ किनारपट्टीवर कमी दाबाचा पट्टा’ असं वाक्य ऐकलं की कोकणातल्या माणसाने छत्री हाताशी ठेवायची. आणि ‘बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र’ म्हटलं की विदर्भाने कान टवकारायचे, कारण ते ओडिशा-छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकतं आणि जाता जाता इकडचे वारेही जोरात ओढून घेतं.

युरोपातलं हवामान मात्र बरंचसं आघाड्यांवर चालतं, म्हणजे थंड आणि उबदार हवेच्या दोन राशी जिथे भिडतात ती सीमारेषा. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेतल्या बर्गेनच्या शास्त्रज्ञांनी ही कल्पना मांडली, आणि रणभूमीवरच्या आघाडीचं नावच तिला दिलं. आपल्याकडे पावसाळ्यात हवा सगळीकडे सारखीच उबदार आणि दमट, म्हणून आघाड्या फारशा दिसत नाहीत. पण हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे कमी दाबाच्या सरकत्या प्रणाली, कधी कधी खाली दक्षिणेकडे उतरतात, वरची गार हवा आणि बंगालच्या उपसागराकडून आलेली खालची ओलसर हवा यांची गाठ मराठवाडा-विदर्भावर पडते, आणि मग गारपीट. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हेच झालं, काढणीला आलेला गहू, हरभरा, द्राक्षबागा डोळ्यांदेखत गेल्या.

आता समुद्र. सोमालियाजवळचा प्रवाह मान्सूनसोबत चक्क दिशा पालटतो, हिवाळ्यात दक्षिणेकडे, उन्हाळ्यात उत्तरेकडे. जोराचा वारा किनाऱ्याजवळचं पाणी बाहेर ढकलतो आणि त्या जागी खोलवरचं गार पाणी वर येतं. म्हणजे समुद्र वाऱ्याला बाष्प देतो आणि वारा समुद्राला गार करतो, देणंघेणं दोन्हीकडून.

पॅसिफिकमध्येही असंच नातं आहे. गिल्बर्ट वॉकर 1904 मध्ये भारतीय वेधशाळांचे प्रमुख झाले, आणि मान्सूनचा अंदाज शोधता शोधता त्यांना दिसलं की पॅसिफिकमध्ये दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला घटतो, आणि उलटंही, सी-सॉसारखं. आज हे पॅसिफिकमधलं ताहिती बेट आणि ऑस्ट्रेलियातलं डार्विन शहर इथल्या दाबांवरून मोजतात. त्यांचं काम सिमल्यातून चालायचं, ते मुख्यालय 1928 मध्ये पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या चौकाला अजूनही सिमला ऑफिस म्हणतात. एल निनो म्हणजे त्याच सी-सॉची समुद्रातली बाजू, पेरूजवळचं नेहमीचं गार पाणी तापतं आणि आपला पाऊस ओढ देऊ शकतो. 2015 मध्ये तसं झालं, सलग दुसरं दुष्काळी वर्ष, आणि 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची ट्रेन न्यावी लागली.

पण 1997 ला एल निनो जबरदस्त असूनही देशभराचा पाऊस नॉर्मल राहिला. का, त्याच्या उत्तराचा मोठा भाग आपल्याच महासागरात निघाला. 1999 मध्ये शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरातल्या द्विध्रुवाचं वर्णन केलं: आफ्रिकेकडचं पाणी उबदार आणि सुमात्राकडचं गार झालं की आपल्याला सहसा फायदा. 2019 ला हा फरक फारच वाढला. ऑस्ट्रेलियात कोरड्या पडलेल्या जंगलांना आगी लागल्या, आणि आपल्याकडे जूनमध्ये रडवलेला पाऊस ऑक्टोबरमध्येही जाईना. कापून ठेवलेल्या सोयाबीनला शेतातच कोंब फुटले, आणि आम्ही त्या दिवाळीत आकाशकंदील प्लास्टिकमध्ये गुंडाळून लावला होता.