रँचोंतून उभी राहिलेली नगरे : सॅन फर्नांडो खोरे

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, लॉस अँजेलिसच्या वायव्येला डोंगरांनी वेढलेला हा सपाट प्रदेश. गुरांच्या कुरणांची, म्हणजे रँचोंची, शहरे कशी झाली हे पाहण्यासाठी याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. जवळपास सगळे खोरे एकाच जमीनपट्ट्यात होते आणि प्रत्येक विक्रीचा भाव नोंदलेला आहे.

1797 मध्ये स्पॅनिश धर्मगुरूंनी येथे मिशन स्थापन केले. टोंगवा व ताताव्हियाम या मूळ रहिवाशांच्या श्रमावर त्याची गुरे आणि शेती चाले. मेक्सिकोच्या राजवटीत, 1834 नंतर, मिशनची मालमत्ता काढून घेण्यात आली. 1846 मध्ये अमेरिकी सैन्य येण्याच्या तोंडावर गव्हर्नर पिओ पिको यांनी सुमारे 1,16,800 एकर जमीन युलोजिओ दे सेलिस यांना 14,000 डॉलरला विकली. एकरी जेमतेम बारा सेंट. सत्तांतरानंतर 1851 च्या कायद्याने जुन्या मालकांवर आपला हक्क सिद्ध करण्याची पाळी आली. वकिलांची देणी, सावकारी व्याज आणि 1862–64 चा दुष्काळ यांनी दक्षिण कॅलिफोर्नियातले कित्येक रँचो मालक बुडाले. गुरे मेली, पण जमीन राहिली आणि ती विकायला निघाली.

1869 मध्ये आयझॅक लँकरशिम यांच्या मंडळीने खोऱ्याचा दक्षिण भाग, सुमारे 60,000 एकर, 1,15,000 डॉलरला घेतला. आधी मेंढ्या पाळल्या. त्या मेंढ्या नंतरच्या एका दुष्काळात मेल्यावर जावई आयझॅक व्हॅन नाइस यांनी जिरायत गव्हाचा जुगार खेळला आणि तो लागला. उत्तर भाग 1874 मध्ये चार्ल्स मॅक्ले आणि पोर्टर चुलतभावांनी घेतला. मॅक्ले यांनी त्याच वर्षी सॅन फर्नांडो गावाची आखणी करून प्लॉट विकायला काढले. रेल्वे येत होती, हा त्यांचा खरा माल.

रेल्वेमुळे गावे आखता येतात, जगवता येत नाहीत, हे 1887 च्या तेजीने दाखवले. सांता फे आणि सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपन्यांच्या भाडेयुद्धात मध्य-पश्चिमेकडून लॉस अँजेलिसचे तिकीट काही काळ एका डॉलरवर आले. गाड्या भरून गिऱ्हाइके आली. डेव्हिड बरबँक या दंतवैद्याच्या मेंढ्यांच्या रानावर त्यांच्याच नावाचे गाव उभे राहिले, तर लँकरशिम रँचमधून 12,000 एकर तोडून टोलुका (आजचे नॉर्थ हॉलीवूड) आखले गेले. लॉस अँजेलिस जिल्ह्यात त्या काही वर्षांत शंभरावर गावे कागदावर आली. 1888 मध्ये फुगा फुटला आणि त्यांतली निम्म्याहून अधिक पुढे नाहीशी झाली.

लँकरशिम रँचच्या उरलेल्या 47,500 एकरांचा सौदा 1909 मध्ये झाला : 25 लाख डॉलर, एकरी सुमारे 53. खरेदीदार मंडळात 'लॉस अँजेलिस टाइम्स'चे हॅरिसन ग्रे ओटिस, त्यांचे जावई हॅरी चँडलर, हॉलीवूडच्या आखणीमुळे प्रसिद्ध झालेले एच. जे. व्हिटली, आणि पाणीपुरवठा मंडळावर बसलेले मोझेस शर्मन होते. शहर त्याच वेळी ओवेन्स खोऱ्यातून 233 मैलांचा कालवा आणत होते. त्याच्या कर्जरोख्यांसाठी 'टाइम्स'ने जोरात प्रचार केला होता. पाणी कुठे येणार हे ज्यांना ठाऊक, त्यांनीच कोरडी जमीन घेतली होती. हा योगायोग मानायला बराच भोळेपणा लागतो. त्यांनी 1911 मध्ये व्हॅन नाइस गाव विकायला काढले, रुंद रस्ता आणि ट्राम आणली. पश्चिमेकडील गावाला नाव दिले ओवेन्समाउथ, म्हणजे ओवेन्सचे मुख. कालव्याचे मुख मात्र खोऱ्याच्या पार ईशान्य कोपऱ्यात होते.

5 नोव्हेंबर 1913 ला पाणी आले. ते शहराच्या हद्दीबाहेर कायमचे मिळणार नव्हते, म्हणून 1915 मध्ये खोऱ्यातील सुमारे 170 चौरस मैल लॉस अँजेलिसमध्ये विलीन झाले. ओवेन्समाउथने 1917 पर्यंत आणि लँकरशिम गावाने (आधीचे टोलुका) 1923 पर्यंत दम धरला. स्वतःच्या विहिरी असलेले सॅन फर्नांडो मात्र गेलेच नाही. आज ते चहूबाजूंनी लॉस अँजेलिसने वेढलेले वेगळे शहर आहे.

या भूखंडांच्या खरेदीखतांत पुष्कळदा गोऱ्यांखेरीज कोणी राहू नये अशी अट असे. 1948 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची न्यायालयामार्फत अंमलबजावणी बंद केली. त्याच सुमारास पॅनोरामा सिटीची एकसारखी घरे झपाट्याने उठत होती. ती जागा तोवर दुभत्या गाईंच्या रँचची होती.