जुने नाशिक (गावठाण)

नाशिक शहराचा गोदावरीच्या उजव्या तीरावरील मूळ भाग. सरकारी कागदांत याला गावठाण म्हणतात, बोलण्यात मात्र नुसते ‘गाव’. कॉलेज रोडला किंवा सिडकोत राहणारा माणूस ‘जरा गावात जाऊन येतो’ म्हणाला, की मेनरोड, भद्रकाली, दहीपूल, सराफ बाजार, रविवार कारंजा एवढा टापू समजायचा. नदीचेही तसेच. जुन्या नाशिककरांच्या तोंडी ती ‘गंगा’, आणि घाटावर जाणे म्हणजे ‘गंगेवर जाणे’. पलीकडच्या तीरावर पंचवटी. देवळे, आखाडे, धर्मशाळा तिकडे. पेढ्या, भांड्यांची दुकाने आणि वाडे इकडे, अशी ढोबळ वाटणी पूर्वापार चालत आली आहे.

वस्ती किती जुनी, याचे उत्तर १९५०-५१ मध्ये मिळाले. ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नदीकाठच्या मातीच्या गढीवर उत्खनन केले, तेव्हा वसाहतीचे थर ताम्रपाषाणयुगापर्यंत मागे गेले. नऊ टेकड्यांवर, म्हणजे ‘नव-शिखां’वर वसले म्हणून ‘नाशिक’ ही व्युत्पत्ती लोकांना आवडते. शूर्पणखेच्या नाकाची कथा त्याहून जास्त. व्युत्पत्ती काहीही असो, टेकड्या खऱ्या आहेत. गावातले निम्मे बोळ चढ-उताराचे आहेत आणि पुराचे पाणी कुठल्या गल्लीत शिरणार, हे त्या चढ-उतारावरच ठरते.

मोगलांच्या काळात शहराचे नाव गुलशनाबाद होते. पेशवाईत ‘नाशिक’ परत आले आणि आज दिसणारा बराचसा सांगाडाही त्याच काळात उभा राहिला. सराफ बाजाराजवळचा सरकारवाडा पेशव्यांचा. १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय काही काळ याच वाड्यात होते. पुढे येथे पोलीस ठाणे आले, आणि आता वाडा राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. समोरच्या काठावर नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये बांधलेले रामेश्वराचे मंदिर आहे. त्याच्या तटावरची घंटा वसईच्या विजयाची खूण मानली जाते.

इंग्रजी अमलात १८६४ साली नगरपालिका आली. १८९५ मध्ये दगडी व्हिक्टोरिया पूल झाला. आजचा अहिल्यादेवी होळकर पूल तो हाच. रेल्वे स्थानक गावापासून आठ-नऊ किलोमीटर दूर पडले होते. ती अडचण दूर करण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोड्यांची ट्राम सुरू झाली. ती मेनरोडवरच्या नगरपालिकेच्या इमारतीपाशी येऊन थांबे. रेल्वे गावापर्यंत आली नाही, म्हणून गावाची वीण फारशी उसवली नाही, असे म्हणायला जागा आहे. याच गल्ल्यांत अभिनव भारत या सावरकरांच्या क्रांतिकारी संघटनेची माणसे वावरत होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. २ मार्च १९३० रोजी दलितांच्या प्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो पलीकडे, पंचवटीत.

पाणी मोजण्याची गावाची स्वतःची पद्धत आहे. गोदाघाटावर पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे, दोन्हीकडे तोंड असलेला. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला आले, छातीला आले, अशा भाषेत पुराची बातमी पसरते. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले, हे मोबाइलवर येते खरे. पण सराफ बाजारातला दुकानदार माल वरच्या मजल्यावर हलवतो तो मारुतीकडे पाहून. पाणी नारोशंकराच्या घंटेपर्यंत पोहोचले, की तो महापूर. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर गावाच्या आठवणीत पक्के आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये मारुती डोक्यापर्यंत बुडाला होता. पात्रातून येणाऱ्या पाण्याइतकाच त्रास गावातून वाहणाऱ्या सरस्वती नाल्याचा. नदी फुगली की नाल्याला वाट उरत नाही, आणि पाणी मागे फिरून दहीपुलाच्या बाजारात शिरते.

७ नोव्हेंबर १९८२ रोजी महानगरपालिका झाली. नाशिकरोड, देवळाली, सातपूर एका छत्राखाली आले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४.८६ लाखांवर गेली. सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी आणि सिडकोच्या घरांनी गावातली नोकरदार कुटुंबे बाहेर ओढली. महापालिकेचे मुख्यालयही मेनरोड सोडून शरणपूर रस्त्यावरच्या राजीव गांधी भवनात गेले. बाजार मात्र हलला नाही. लग्नाचे दागिने आणि तांब्या-पितळेची भांडी घ्यायला लोक अजून गावातच येतात, आणि बुधवारी गंगेवर आठवडे बाजार भरतो.

पुनर्विकासाचा खरा गुंता वाड्यांत आहे. वाडा म्हणजे वीट, माती आणि सागवानी खांबांची दुमजली-तिमजली इमारत, मधे चौक, चौकाभोवती खोल्या. मालकाच्या तीन-चार पिढ्यांत हिस्से पडलेले असतात. खोल्यांत जुने भाडेकरू असतात आणि भाडे इतके किरकोळ, की त्यातून कौलेही बदलता येत नाहीत. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू ताबा सोडत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा बजावते. जुलै-ऑगस्टमध्ये भिजलेली भिंत बसते. दोन दिवस बातम्या होतात. काझीच्या गढीवरही दर पावसाळ्यात हेच, फक्त तिथे भिंतीऐवजी पायाखालची माती सुटते. वाडा पाडून नवा बांधावा, तर बोळ अरुंद, त्यामुळे चटईक्षेत्र, म्हणजे बांधायला मिळणारी एकूण जागा, कमी. त्यात २००८ च्या पुरानंतर आखलेल्या, नेहमीच्या आणि मोठ्या पुराची हद्द दाखवणाऱ्या, निळ्या आणि लाल पूररेषांची भर पडली. निळ्या रेषेच्या आत बांधकाम परवानगीवर कडक बंधने आली आणि नदीलगतचे वाडे पडेपर्यंत तसेच राहिले. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागात लागू झालेल्या एकत्रित विकास नियमावलीत समूह विकासाची, म्हणजे अनेक वाडे एकत्र करून बांधण्याची, तरतूद आहे. कागदावर ती या रोगावरचे औषध आहे. पण दहा वाड्यांचे मालक आणि त्यांचे भाडेकरू एका कागदावर सह्या करतील, तेव्हाच ती चालणार.

काठावरची कामे याच्या अगदी उलट. ती होतात आणि वेगाने होतात, कारण त्यांना सिंहस्थाची तारीख असते. बारा वर्षांनी कुंभमेळा येतो आणि त्याबरोबर निधी, घाट, रस्ते, दिवे. २००३ च्या सिंहस्थापूर्वी पात्राच्या तळाला काँक्रीट घालण्यात आले. भाविकांना चिखल लागू नये हा हेतू. पण त्याखाली लक्ष्मणकुंड, धनुष्यकुंड, सीताकुंड अशी प्राचीन कुंडे आणि त्यांचे झरे झाकले गेले, हा आक्षेप पुढे न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०१६ मध्ये रामकुंड, म्हणजे पात्रातले स्नानाचे मुख्य कुंड, कोरडे पडले आणि पाडव्याच्या स्नानासाठी त्यात टँकरने पाणी ओतावे लागले, तेव्हा हा आक्षेप सगळ्या शहराला कळला. २००३ ने आणखी एक धडा दिला. २७ ऑगस्टला रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मेले. म्हणून २०१५ च्या सिंहस्थात गर्दी रामकुंडावर एकवटू नये, यासाठी इतर घाटांवर भर देण्यात आला.

सप्टेंबर २०१६ मध्ये नाशिकची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली. तिच्या आराखड्यात गावठाणातील जलवाहिन्या, गटारे व रस्ते, गोदाकाठाचे सुशोभीकरण, पात्रातील काँक्रीट काढणे आणि होळकर पुलाखाली यांत्रिकी दरवाजे ही कामे होती. यातला सर्वांत गाजलेला भाग म्हणजे त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा १.१ किलोमीटरचा ‘स्मार्ट रोड’. एवढ्याशा रस्त्याने गावाला इतकी वर्षे धूळ खायला लावली, की ‘स्मार्ट’ हा शब्द नाशिकमध्ये बराच काळ थट्टेनेच वापरला गेला. २०२४ मध्ये केंद्राने रामकुंड, काळाराम मंदिर व गोदाघाट परिसरातील ‘रामकाल पथ’ प्रकल्पासाठी ९९.१४ कोटी रुपये मंजूर केले. पुढच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ठरले आहे.

गावाचा एक वारसा मात्र रस्त्याखालीच असतो. शनी चौक, दिल्ली दरवाजा, तिवंधा चौक, जुनी तांबट लेन येथे पेशवेकालीन रहाडी आहेत, म्हणजे दगडी बांधणीचे खोल हौद. वर्षभर त्या फळ्या आणि माती टाकून बुजवलेल्या असतात आणि वरून रहदारी चालू असते. नवख्याला पायाखाली काय आहे ते कळतही नाही. रंगपंचमीच्या आधी माती उपसतात, पूजा होते, रंग शिजवून ओततात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, मानकरी ठरलेले. मानकऱ्यांनी पहिली उडी घेतली की बाकीचे धप्पा मारतात. पंचमी सरली की रहाड पुन्हा झाकून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावरून रिक्षा जाऊ लागतात.