सोय की फेरबदल? कृत्रिम बुद्धिमत्तेकडून धडा सोपा करून घेताना

विशेष शिक्षणात दोन गोष्टी नेहमी जोडीने येतात आणि म्हणूनच एकमेकींच्या जागी धरल्या जातात. मुलाने जे शिकायचे ते तेच ठेवून त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट बदलली, तर ती सोय होय. मोठ्या अक्षरांतील छपाई, ब्रेल, लेखनिक, जादा वेळ ही तिची परिचित रूपे आहेत. जे शिकायचे तेच कमी केले किंवा वेगळे ठरवले, तर तो फेरबदल होय. शब्दांवरून हा भेद ओळखता येईलच असे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या करारात ‘वाजवी सोय’ या संज्ञेची व्याख्या करतानाच ‘आवश्यक आणि योग्य बदल’ असे शब्द वापरलेले आहेत. त्यामुळे कशाला काय म्हटले आहे यापेक्षा नेमके काय बदलले, हे पाहावे लागते.

हा भेद जुना असला तरी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे तो नव्याने कळीचा झाला आहे. शिक्षक हाताने धडा सोपा करतो तेव्हा प्रत्येक शब्द खोडताना तो क्षणभर थांबतो आणि हा शब्द या मुलाला लागणार आहे की नाही, याचा विचार करतो. साधनाला ‘हा उतारा सोपा करून दे’ असे सांगितले की काही क्षणांत नीटनेटका उतारा हातात येतो, मात्र त्यातून काय गळाले याची खूण कुठेही राहत नाही. मागितलेली असते सोय, मिळालेला असतो फेरबदल, आणि उतारा वाचायला इतका सुरळीत असतो की शंकाही येत नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. मूळ वाक्य असे आहे: ‘उन्हाच्या उष्णतेने पाण्याचे बाष्पीभवन होते, ही वाफ उंचावर गेल्यावर थंड होते, म्हणून तिचे सूक्ष्म थेंब बनतात आणि त्यांचे ढग तयार होतात.’ सोपे करून मिळालेले रूप असे: ‘पाणी गरम होते. वाफ वर जाते. ढग बनतात.’ दुसरे रूप वाचायला निश्चितच सोपे आहे, पण त्यातून ‘बाष्पीभवन’ हा शब्द गेला, वाफ थंड होण्याची पायरी गेली आणि ‘म्हणून’ गेला. ‘ढग का बनतात?’ या प्रश्नाचे उत्तर आता उताऱ्यात उरलेलेच नाही. ज्या मुलाला कार्यकारणभाव जुळवणे मुळातच जड जाते, त्याच्याकडून दोन वाक्यांमधला न लिहिलेला दुवा स्वतः शोधण्याची अपेक्षा आपण नकळत करून बसतो.

याचे कारण ‘सोपे’ या कल्पनेतच आहे. वाचनसुलभता मोजणारी जुनी सूत्रे, उदाहरणार्थ रुडॉल्फ फ्लेश यांचे इंग्रजीसाठीचे १९४८ चे सूत्र, वाक्यांची आणि शब्दांची लांबी मोजतात. वाक्ये एकमेकांना कशी जोडली आहेत, हे त्यांना दिसत नाही. ‘सोपे म्हणजे आखूड’ हा समज आपल्यात मुरलेला आहे आणि मोघम सूचना दिली की साधनेही बहुधा त्याच वाटेने जातात.

सोयच हवी असेल, तर सूचनाही सोयीची असावी लागते. ‘संकल्पनेचे शब्द जसेच्या तसे ठेव, प्रत्येकापुढे साध्या भाषेत अर्थ दे, कारण आणि परिणाम जोडणारे शब्द काढू नकोस, एका ओळीत एकच विचार ठेव’ असे सांगितले, तर उतारा कदाचित मूळ उताऱ्याहून लांब होतो, पण मुलाच्या वाट्याचा आशय शाबूत राहतो. काय वगळले, हे साधनाला विचारता येते. मात्र त्याची यादी पुरी असेल असे धरून चालू नये. मूळ उतारा आणि नवा उतारा शेजारी ठेवून बोट फिरवत वाचणे हे काम शिक्षकाचेच राहते. तसेच सूचनेत मुलाचे नाव किंवा निदान लिहिण्याची काहीच गरज नसते; ‘लांब वाक्यात दुवा हरवतो’ एवढी अडचण सांगितली तरी पुरते.

आता या भेदातला सर्वांत अवघड भाग. कोणतेही साहाय्य स्वतःहून सोय किंवा फेरबदल नसते. धड्याचे उद्दिष्ट काय, यावर ते ठरते. विज्ञानाचा उतारा साधनाने मोठ्याने वाचून दाखवला, तर ती सोय, कारण तिथे विज्ञान शिकायचे आहे. अक्षरे जुळवून शब्द वाचता येतो का, हे तपासताना तेच साधन वापरले, तर तपासायचे कौशल्यच मुलाकडून काढून घेतले जाते. शाब्दिक उदाहरणात गणकयंत्र ही सोय, पाढे तपासताना तेच गणकयंत्र फेरबदल. हे उद्दिष्ट साधनाला ठाऊक नसते आणि शिक्षकाने सांगितल्याशिवाय ते कळण्याचा मार्गही नसतो.

बोललेले लिहून देणाऱ्या साधनांत ही सीमा आणखी नाजूक होते. एखादे मूल म्हणते, ‘काल आई गेला’, आणि पडद्यावर उमटते, ‘काल आई गेली’. पत्र लिहायचे असेल, तर ही दुरुस्ती मदतीची आहे. पण लिंगानुसार क्रियापद बदलणे हेच त्या मुलाचे भाषिक उद्दिष्ट असेल, तर त्याची चूक, म्हणजेच शिक्षकाला सर्वांत जास्त हवी असलेली माहिती, कोणाच्या नजरेस पडण्याआधीच पुसली गेली. अशा वेळी मी ध्वनिमुद्रण जपून ठेवते आणि ते ऐकून स्वतः लिहून काढते. त्यात वेळ जातो, पण त्याला पर्याय मला दिसत नाही.

फेरबदल वाईट असतो, असे यातून कोणी समजू नये. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलासाठी उद्दिष्टच वेगळे ठेवणे अनेकदा योग्य आणि आवश्यक असते, आणि तीन आखूड वाक्यांचा तोच उतारा त्याच्यासाठी नेमका असू शकतो. पण तो निर्णय पालक आणि शिक्षकांनी एकत्र बसून घ्यावा आणि वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात स्पष्ट लिहावा. घाईत दिलेल्या एका सूचनेतून तो परस्पर होऊ नये. फेरबदल केलेल्या उताऱ्यावर मिळवलेले दहापैकी आठ गुण इयत्तेच्या पातळीचे म्हणून नोंदले गेले, तर पुढच्या वर्गातल्या शिक्षकाला आणि आईवडिलांना चुकीचे चित्र मिळते, आणि मूल मागे का पडले याचा शोध फार उशिरा सुरू होतो.

म्हणून प्रत्येक कृतिपत्रिकेच्या कोपऱ्यात मी दोन ओळी लिहिते: आजचे उद्दिष्ट काय आणि साधनाने काय बदलले. दुसरी ओळ पहिलीला हात लावत असेल, तर गुणांपुढे ‘फेरबदल’ असे लिहूनच ती कृतिपत्रिका नोंदवहीत जाते.