सातव्या महिन्यातले कोलेस्टेरॉल

रिपोर्टवर एकूण कोलेस्टेरॉल 260, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 240, दोन्ही आकडे ठळक छापलेले. बाई सातव्या महिन्यात. घरात लगेच तूप बंद, लाडवांचा डबा वरच्या फळीवर. यात तुपाचा दोष फारसा नाही. शेजारी छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा गरोदर नसलेल्यांची आहे. गरोदरपणाच्या अखेरीस ट्रायग्लिसराइड दुप्पट-तिप्पट होतात, कोलेस्टेरॉल पाव ते निम्म्याने वाढते. पहिल्या महिन्यांत साठवलेली चरबी शरीर नंतर मोकळी करते. आई तिच्यावर भागवते आणि साखर बाळासाठी उरते. वार (प्लॅसेंटा) तर आईच्या कोलेस्टेरॉलपासूनच प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारे हार्मोन तयार करते.

थायरॉइडचाही हिशोब याच काळात बदलतो. एरवी थायरॉइडला कामाला लावते ते टीएसएच, मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचे हार्मोन. गर्भधारणेनंतर वाढणारे एचसीजी हे वारेचे हार्मोन रचनेने टीएसएचसारखे असल्याने तेही थायरॉइडला कामाला लावते. म्हणून पहिल्या तिमाहीत टीएसएच खाली येते. इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे थायरॉक्सिन (टी-4, थायरॉइडचे मुख्य हार्मोन) वाहून नेणारे प्रथिन वाढते आणि एकूण टी-4 सुमारे दीडपट होते. बाळाची स्वतःची ग्रंथी नीट चालू होईपर्यंत, म्हणजे साधारण पाचव्या महिन्यापर्यंत, त्याची भिस्त आईवरच.

कोलेस्टेरॉल आणि थायरॉइड या दोघांची गाठ पडते यकृतात. रक्तातले एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) उचलणारे तिथले रिसेप्टर, म्हणजे पेशींवरचे ग्राहक, थायरॉइड हार्मोनच्या इशाऱ्यावर वाढतात. ग्रंथी मंदावली की एलडीएल रक्तातच साचते. टीएसएचची चाचणी नव्हती तेव्हा डॉक्टर वाढलेल्या कोलेस्टेरॉलचा थायरॉइडच्या निदानाला आधार घेत. गरोदरपणात मात्र हा माग पुसट होतो, कारण कोलेस्टेरॉल तसेही चढलेले असते. तेव्हा थायरॉइडची शंका असेल तर टीएसएचच बघायचे, तेही त्या तिमाहीच्या मर्यादेशी ताडून.

थायरॉइड कमी निघाले तर थायरॉक्सिन लगेच सुरू होते. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन गटातली औषधे मात्र गरोदरपणात सहसा देत नाहीत. बाळंतपणानंतर काही आठवड्यांनी कोलेस्टेरॉलची चाचणी पुन्हा करतात. ट्रायग्लिसराइड 1000 च्या पुढे गेले तर मात्र थांबून चालत नाही, स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो.

आधीपासून थायरॉइडची गोळी चालू असलेल्या बाईने दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना गाठावे. डोस बहुधा 25 ते 30 टक्क्यांनी वाढवावा लागतो. गोळी सकाळी उपाशीपोटी, आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यानंतर चार तासांनी. तिन्ही गोळ्या एकाच घोटात घेतल्या तर थायरॉक्सिन नीट शोषले जात नाही, आणि मग टीएसएच का उतरत नाही म्हणून डोस उगाच वाढत राहतो.