पॉवर हॅमर

पॉवर हॅमर : भट्टीत तापवलेले लोखंड ठोकून घडवण्यासाठी मोटर, दाबाखालची हवा किंवा वाफ यांच्या जोरावर चालणारा यांत्रिक घण. तो तयार विकत मिळतो. तसाच ट्रकचा कमानपाटा (लीफ स्प्रिंग), जुना शाफ्ट म्हणजे फिरणारा दांडा, पुल्या आणि मोटर जमवून गाळ्यात बांधताही येतो. ही नोंद मुख्यतः मुंबईसारख्या शहरात लहान लोहाराला बांधता किंवा घेता येईल अशा हॅमरबद्दल आहे.

लोहारकाम मुळात दोघांचे. एकाने सांडशीत लोखंड धरून हातोडीने जागा दाखवायची, दुसऱ्याने तिथे घण घालायचा. महाराष्ट्रातल्या लोहार-घिसाडी कुटुंबांत हा घण पुष्कळदा घरातल्या बाईच्या हातात असतो. पहार शेवटायची, म्हणजे तिचे झिजलेले टोक पुन्हा घडवायचे, टिकावाला टोक काढायचे, कोयत्याचे पाते लांबवायचे, ही कामे तिच्या खांद्यांच्या बळावर झाली आहेत, आणि तिचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. शहरात मुले दुसऱ्या कामाला लागली की घण घालायला माणूस उरत नाही. पॉवर हॅमर ही जागा भरतो. लोहाराची जागा तो घेत नाही: घाव कुठे, किती जोराचा आणि कोणत्या तापावर, हे सांडशी धरणाऱ्यालाच ठरवावे लागते.

पाण्याच्या चाकावर चालणारे घण चीनमध्ये आणि युरोपात शतकानुशतके वापरात होते. वाफेच्या घणाचे चित्र जेम्स नॅस्मिथ या स्कॉटिश अभियंत्याने 1839 मध्ये काढले. त्याला कारण असे, की ग्रेट ब्रिटन या जहाजाच्या वल्हेचाकांसाठी लागणारा प्रचंड शाफ्ट तेव्हाच्या कोणत्याही घणाखाली घडवता येत नव्हता. पुढे त्या जहाजाला मळसूत्री पंखा बसवण्याचे ठरले आणि तो शाफ्ट लागलाच नाही. प्रत्यक्ष घण आधी फ्रान्समधील ल क्रूझो येथे उभा राहिला; नॅस्मिथला पेटंट मिळाले 1842 मध्ये. पूर्ण जोराने लोखंड चेपणारा हा घण पेल्यात ठेवलेले अंडे पेला न फोडता फोडू शकतो, असे प्रात्यक्षिक दाखवले जात असे. ताकदीइतकाच ताबा महत्त्वाचा, ही गोष्ट आजच्या लहान हॅमरलाही तशीच लागू आहे.

गाळ्यात बांधायला सर्वांत सोयीचा प्रकार म्हणजे स्प्रिंग हॅमर. कमानपाट्यांचा जुडगा मध्यावर टेकवून सी-सॉच्या फळीसारखा बसवतात. मागचे टोक दांड्याने क्रँकला, म्हणजे मोटरने फिरणाऱ्या शाफ्टवरच्या बाकदार भागाला, जोडलेले असते. पुढच्या टोकाला रॅम, म्हणजे वरखाली होणारे वजन लटकते. रॅमच्या तळाशी वरची डाय, म्हणजे लोखंडावर घाव घालणारा पोलादी ठोकळा, आणि तिच्या बरोबर खाली ऐरणीवर खालची डाय.

पाट्याची गरज का, हे साध्या हिशेबाने कळते. वजन 25 सेंमी. उंचीवरून आपोआप पडायला सुमारे 0.23 सेकंद लागतात. हॅमर मिनिटाला 240 घाव घालत असेल, तर एका घावाच्या वाट्याला 0.25 सेकंद येतात, आणि त्यातले निम्मेच खाली येण्यासाठी. म्हणजे रॅम नुसता सोडून भागत नाही, तो खाली फेकावा लागतो. क्रँकने दांड्याची दिशा उलटवली तरी रॅम आपल्या वेगामुळे वर जातच राहतो, पाटा वाकतो आणि मग चाबकासारखा त्याला खाली झटकतो. म्हणूनच हाताने सावकाश फिरवताना रॅम जेवढा हलतो, त्यापेक्षा वेगात अधिक हलतो. डायखाली जाड तुकडा आला तर तो फरकही पाटाच सोसतो; तिथे ताठ लोखंडी दांडा असता तर क्रँक किंवा बेअरिंग फुटले असते.

आपल्याकडची चार पोलची मोटर मिनिटाला सुमारे 1440 फेरे घेते. मोटरवर 3 इंची आणि क्रँकच्या शाफ्टवर 18 इंची पुली बसवली की 240 फेरे मिळतात. 20 किलोच्या रॅमला 1 ते 2 अश्वशक्ती पुरते, त्यामुळे सिंगल फेजच्या (घरगुती) जोडणीवर काम भागते. मोटर सतत फिरते. पट्टा मुद्दाम सैल ठेवून पायाच्या पट्टीने एक सुटी पुली त्यावर दाबतात. जितका दाब, तितकी पकड. दुसऱ्या रचनेत मोटरवरचा रूळ गाडीच्या लहान टायरवर दाबला जातो आणि टायर क्रँकला फिरवतो. दोन्हींत पाय हाच वेग ठरवतो. पाय काढताच रॅम वरच थांबावा म्हणून चाकाला ब्रेक, आणि रॅमचा भार तोलण्यासाठी क्रँकच्या विरुद्ध बाजूला वजन लागते. या दोन गोष्टी नवखे लोक पुढच्यावर ढकलतात, आणि मग रॅम तापल्या लोखंडावर टेकून बसतो व त्याचा ताप शोषून घेतो.

तरीही हॅमर चांगला की वाईट हे मोटरवर ठरत नाही, खालच्या ऐरणीवर ठरते. ऐरण हलकी असेल तर घावाची बरीच शक्ती तिला आणि जमिनीला हलवण्यात जाते, लोखंड तसेच राहते. रॅमच्या किमान दहापट आणि जमल्यास पंधरापट वजन ऐरणीत असावे. 250 मिमी. व्यासाचा, 700 मिमी. उंचीचा भरीव गोल सुमारे 270 किलो भरतो. 20 किलोच्या रॅमखाली तो उत्तम शोभतो. भरीव गोल न मिळाल्यास जाड प्लेटा उभ्या लावून वेल्डिंग करावे. आडव्या एकावर एक रचल्या तर त्यांच्या फटींत घाव मुरतो. पाइपात काँक्रीट किंवा वाळू भरून केलेली ऐरण ही खोटी बचत आहे. पैसे कमी पडत असतील तर मोटर जुनी घ्यावी, रंग नंतर द्यावा, पण ऐरणीत काटकसर करू नये.

या सामानासाठी मुंबईइतकी सोयीची जागा दुसरी सापडणे कठीण. रे रोडजवळच्या दारूखान्यात जहाजे फोडण्याचा आणि त्यांच्या लोखंडाचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. शाफ्टचे तुकडे आणि जाड प्लेटा तिथे किलोच्या भावाने शोधाव्यात. कमानपाटे कुर्ल्याच्या गाड्यांच्या भंगारात, पट्टे, पुल्या, बेअरिंग आणि नट-बोल्ट नागदेवी स्ट्रीटवर, नवे लोखंड कळंबोलीच्या बाजारात. स्विच, स्टार्टर आणि वायर घ्यायला लोहार चाळीत जावे लागते. तिथे लोहार नावातच उरले आहेत, दुकाने विजेच्या सामानाची आहेत.

डायसाठी ईएन 24 सारखे मिश्र पोलाद घेऊन उष्णोपचार करून घेतात. चपटी डाय पृष्ठभाग साफ करते. गोलसर डाय लोखंड एका दिशेला भराभर लांबवते. चपट्या डायच्या कडा मोडून गोल केल्या नाहीत, तर घडवायच्या लोखंडावर खाचा उमटतात आणि पुढच्या घावात त्यांची घडी पडते. ती घडी म्हणजे तयार हत्यारातली चीर.

तयार हॅमर घ्यायचा असेल तर राजकोट, बटाला, लुधियाना या गावांतून बनलेले स्प्रिंग आणि न्यूमॅटिक हॅमर मिळतात. न्यूमॅटिकमध्ये एक पिस्टन हवा दाबतो आणि त्या हवेने रॅम चालतो. घाव अधिक हुकमी, पण यंत्र जड आणि महाग. जुना घेताना विक्रेत्याला तो चालवून दाखवायला सांगावे. भर वेगात सगळेच हॅमर दमदार वाटतात. एकच हलका घाव मागावा, तो मिळाला नाही तर घाई करू नये. रॅम हाताने हलवून गाइडमधली, म्हणजे त्याला सरळ वरखाली ठेवणाऱ्या वाटेतली, ढिलाई पाहावी, क्रँकचे बेअरिंग ऐकावे, आणि बिडाच्या सांगाड्यावर जाड रंगाखाली वेल्डिंगचे डाग आहेत का ते तपासावे.

कामाची शिस्त थोडी पण कडक आहे. लोखंडावर फिकट नारिंगी ते पिवळसर रंग असेपर्यंतच जोराचे घाव. काळपट लाल झाले की परत भट्टीत, विशेषतः कमानपाट्याचे कोयते करताना, कारण ते पोलाद थंडपणी चिरते. सांडशीचे दांडे पोटासमोर धरू नयेत, अंगाच्या बाजूला ठेवावेत. तुकडा उसळला तर दांडे थेट मागे येतात. पाट्यांभोवती जाळीचा पिंजरा हवाच, कारण थकलेला पाटा तुटला की दूर उडतो. डाय बदलताना मुख्य स्विच बंद करून रॅमखाली लाकडी ठोकळा घालावा.

सर्वांत अवघड प्रश्न जागेचा. चाळीच्या किंवा इमारतीच्या वरच्या मजल्यावर हे यंत्र चालवूच नये. तळमजल्याचा गाळा, चांगले काँक्रीट आणि तळाशी जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचा थर हवा. भारतातील 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबलची मर्यादा आहे. औद्योगिक भागात ती 75 आणि 70 आहे. भिंतीला लागून घर असेल तर शेजाऱ्यांशी आधी बोलून वेळ ठरवलेली बरी, कारण जमिनीतून जाणारा हादरा दार लावून थांबत नाही. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेने गाइड आणि डाय एका रात्रीत गंजतात, आणि हॅमर दाबाखालच्या हवेवर चालत असेल तर कॉम्प्रेसरच्या (हवा दाबणाऱ्या यंत्राच्या) टाकीत पाणी साठते. जून ते सप्टेंबर टाकीचे पाणी रोज सोडावे, आणि संध्याकाळी गाइडवर तेलाचा हात फिरवल्याशिवाय शटर ओढू नये.