'पाव नसेल तर केक खा' हे मारी आंत्वानेतचं वाक्य नव्हे

फ्रान्सची ही राणी भुकेल्या प्रजेला असं म्हणाली, याचा एकही समकालीन पुरावा नाही. रूसोने 'कोणा एका थोर राजकन्येचा' हा किस्सा आत्मचरित्रात लिहिला तो १७६० च्या दशकात. मारी आंत्वानेत तेव्हा ऑस्ट्रियात, अजून लहान. फ्रान्सला ती १७७० मध्ये आली.

मग बोललं कोण? काउंटेस द ब्वान्य (१७८१-१८६६) आपल्या आठवणींत मारी आंत्वानेतचा नवरा सोळावा लुई याच्या आत्याचं, मादाम व्हिक्त्वारचं नाव घेते. दुष्काळात गरिबांना पाव मिळत नाही हे ऐकून ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, 'त्यांनी निदान पॅटीसचं वरचं कवच खाऊन भागवलं तर!' म्हणजे बाई निर्दय नव्हती, अडाणी होती. अर्थात हीसुद्धा ऐकीव गोष्टच. काउंटेसचं बालपण व्हर्सायमध्ये गेलं, आई लुईच्याच दुसऱ्या आत्याच्या पदरी होती, त्यामुळे दरबारी कुजबुज तिच्या घरातच होती.

ही काउंटेस आपल्याला तशी परकी नाही. तिचा नवरा म्हणजे महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभारणारा द ब्वान्य. क्रांतीने कंगाल झालेल्या आईवडिलांसाठी तिने १७९८ मध्ये लंडनला, सतराव्या वर्षी, सत्तेचाळीस वर्षांच्या या श्रीमंत सेनापतीशी लग्न केलं. संसार टिकला नाही. स्वतःच्या सरदारवर्गाच्या मूर्खपणावर तिने जी टिंगल केली आहे, ती मात्र फार खुमासदार. तरी घराण्याचा अभिमान तिचाही सुटला नव्हता.