सदोष घंटागाड्यांचा दावा आणि तडजोड : पार्श्वभूमी

पालिकेने वाहन पुरवठादाराशी तडजोड केली की सांगलीत चहाच्या गाड्यावर पहिला प्रश्न येतो, ‘किती वसूल झाले?’ प्रश्न रास्तच आहे. पण या रकमेचे भवितव्य ठरते ते घंटागाड्या ताब्यात घेतल्या त्या दिवशी, पावतीवर काय लिहिले यावर.

नगरपालिकेच्या काळातले कचऱ्याचे ट्रॅक्टर बाजूला ठेवू. सांगली, मिरज आणि कुपवाड १९९८ मध्ये एका महापालिकेत आले. दारोदार कचरा गोळा करण्याची जबाबदारी २००० च्या घनकचरा नियमांत आलीच होती. पण लहान टिपरांची, म्हणजेच आजच्या घंटागाड्यांची, घाऊक खरेदी राज्यभर वाढली ती स्वच्छ भारत अभियान आणि २०१६ च्या घनकचरा नियमांनंतर. ओला-सुका वेगळा हवा, गाडी झाकलेली हवी. निधी आला आणि तो मार्चअखेर खर्ची पडायला हवा होता.

या गाडीचे दोन बाप असतात. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, एका कंपनीची, वरची ट्रॉली आणि हायड्रॉलिक यंत्रणा बहुधा दुसऱ्याच कारखान्यातली. आमच्या गल्लीत एक गाडी सकाळी ट्रॉली अर्धी उचलून अडकली होती. जॅकच्या सीलमधून तेल ठिबकत होते आणि मदतनीस पहारीने लॉक ठोकत होता. ओल्या कचऱ्याच्या पाण्याने तळाचा पत्रा वेल्डिंगच्या सांध्यापासून सडतो, ते वेगळेच. तक्रार केली की चासीवाला ट्रॉलीवाल्याकडे बोट दाखवतो, ट्रॉलीवाला चालकाकडे. पुरानंतरचा गाळ याच गाडीत भरला असेल तर ‘क्षमतेपेक्षा जास्त वजन’ हा बचाव आयताच मिळतो. म्हणून लॉगबुक नीट नसेल तर दोष उत्पादनाचा की देखभालीचा, हे सिद्ध करता करता पालिकेच्या नाकी नऊ येतात.

खरी गुंतागुंत मात्र ‘स्वीकारणे’ या शब्दात आहे. १९३० च्या मालविक्री कायद्यात ‘अट’ आणि ‘हमी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अट मोडली तर खरेदीदार माल नाकारू शकतो. हमी मोडली तर फक्त नुकसानभरपाई मागता येते. आपण बोलताना दोन्हींना वॉरंटीच म्हणतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. माल एकदा स्वीकारला की, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, मोडलेली अटसुद्धा हमीच्याच पातळीवर येते. गाड्या परत करण्याचा मार्ग बंद होतो आणि उरतो तो पैशांचा दावा. तपासणीची वाजवी संधी मिळेपर्यंत माल स्वीकारला असे मानले जात नाही, ही सोय कायद्यात आहे. पण माल स्वीकारल्याचे कळवले, किंवा वाजवी मुदतीत नकार न कळवता तो ठेवून घेतला, तर स्वीकृती झालीच. आपल्याकडे गाड्या आल्या की हार घालतात, नारळ फोडतात, फोटो काढतात आणि त्याच आठवड्यात ‘माल सुस्थितीत मिळाला’ असा शेरा पडतो. भरलेली ट्रॉली चार-पाच वेळा उचलून बघण्याची तसदी घेतली असती तर पुढचे निम्मे कागद वाचले असते. नंतर पुरवठादाराचा वकील पहिला कागद काढतो तो हाच शेरा.

त्यातून मुदतीचा बडगा असतो. करारभंगाच्या दाव्याला तीन वर्षे मिळतात, आणि ‘दुरुस्त करून देतो’ या आश्वासनांवर त्यातली बरीचशी निघून जातात. दरम्यान पुरवठादाराने दिलेली बँक हमी, म्हणजे बँक गॅरंटी, तीही संपलेली असते. करारात लवादाचे कलम असेल तर प्रकरण १९९६ च्या लवाद कायद्याखाली लवादाकडे जाते, नसेल तर दिवाणी न्यायालयात. न्यायालयापुढची तडजोड लेखी आणि सह्यांनिशी झाली की तिचा हुकूमनामा (डिक्री) होतो, आणि मग तडजोडच बेकायदा होती म्हणून वेगळा दावा लावता येत नाही. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तरी तो पालिकेच्या घरातच राहतो.

अशा तडजोडीला मंजुरी देणे हे एरवी स्थायी समितीचे काम. ऑगस्ट २०२३ मध्ये सांगलीत सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच झाला. कायद्याने यात वावगे काही नाही. मात्र ‘पूर्ण व अंतिम’ (म्हणजे यापुढे दावा नाही) आणि ‘दोषाची कबुली न देता’ हे दोन शब्दप्रयोग मसुद्यात कुणी घातले, हे सभेत उभे राहून विचारणारा त्या काळात कुणी नव्हता.

तडजोडीवर सही झाली तरी गाडी वर्कशॉपच्या भिंतीला टेकून उभीच असते. तिच्या निर्लेखनाला, म्हणजे ती भंगारात काढायला, पुन्हा वेगळा प्रस्ताव लागतो.